सुळक्यावरचे रविवार

एकोणीसशे सात सालच्या पावसाळ्यात गणोजीची बदली सरदारपुरास झाली आणि धारच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचे, म्हणजे श्रीपादचे, रविवार पोरके झाले.

गणोजी संस्थानच्या पागेत होता. अंगानं काटक, पायानं बकऱ्यासारखा. शनिवारी अर्धी शाळा सुटली की दोघे मित्र टांगा करून मांडवगडाची वाट धरायचे. रात्री नालछ्याला ओळखीच्या घरी मुक्काम, आणि रविवारचा दिवस कड्याकपारीत. श्रीपादकडे एक लाकडी कॅमेरा होता. महूच्या छावणीतला कोणी साहेब विलायतेला परतताना देऊन गेलेला. चामड्याचा भाता, पितळी भिंग, तिपाई, काचेच्या प्लेटा, डोक्यावर घ्यायचं काळं कापड, असा सगळा संसार पाठीवर बांधून हे दोघे खडक चढत. वर श्रीपाद फोटो काढी आणि गणोजी दोर धरून बसे.

गणोजी गेला आणि श्रीपाद संध्याकाळी गच्चीवर नुसताच दक्षिणेकडे बघत उभा राहू लागला. हे सगळ्यांत आधी वासंतीच्या लक्षात आलं. ती त्याची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, माहेर देवासचं. त्या काळच्या भरल्या घरात नवराबायकोनं दिवसाढवळ्या एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. वासंतीला नवऱ्याचं मन कळे ते त्याच्या ताटातल्या उरलेल्या घासावरून नाहीतर जिन्यावरच्या पावलांवरून. त्या दिवसांत पावलं जड वाजत होती.

एकदा त्याला पाणी द्यायला ती गच्चीवर गेली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी धरीन दोर."

श्रीपादनं वळून पाहिलं. "तू?"

"देवासची टेकडी मी मागच्या अंगानं चढायची. पायऱ्यांनी देवीला जाणं आम्हां पोरींना कमीपणाचं वाटायचं."

तो हसला. पण घरी सांगायचं कसं? शेवटी गाठ अक्काशी होती. अक्का म्हणजे श्रीपादची आत्या; आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मला मांडवगडच्या नीलकंठाचं दर्शन घ्यायचंय. रोज म्हणते, कोणी नेत नाही. सून बरोबर हवी. मी देवाजवळ बसेन. तुम्ही कुठं बसता, ते मी कशाला विचारू?"

असे ते रविवार पुन्हा सुरू झाले.

नीलकंठाचं देऊळ दरीच्या काठावर आहे. पायऱ्या उतरून गेलं की आत पाणी झुळझुळतं आणि समोर एकदम काहीच नसतं, फक्त खोल हिरवी दरी. अक्का तिथं जपमाळ घेऊन बसे. हे दोघे काठाकाठानं पुढे जात. पहिल्याच रविवारी श्रीपादनं कॅमेरा लावला आणि म्हणाला, "बघ जरा." वासंती काळ्या कापडाखाली शिरली. आत अंधार, आणि त्या अंधारात मागच्या काचेवर सारी दरी उलटी टांगलेली. झाडं वर, आकाश खाली. उलट्या आकाशात एक घार संथपणे पोहत होती. वासंती इतका वेळ आत राहिली की श्रीपादला हाक मारावी लागली. बाहेर आल्यावर सरळ दरीच तिला खोटी वाटू लागली.

आणि तिथं ते बोलत. काय वाट्टेल ते बोलत. तो तिला सावल्यांविषयी सांगे: सकाळच्या उन्हात कडा कसा जवळ येतो आणि दुपारी कसा सपाट होतो. ती त्याला देवासच्या गमती सांगे: गावात दोन राजे, रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची, लहानपणी लपाछपी खेळताना रस्ता ओलांडला की ती ओरडायची, "मी परमुलखात आहे, मला धरता येत नाही!" संध्याकाळी टांग्यात बसले की दोघे पुन्हा गप्प. पण ते गप्प बसणं आता वेगळं होतं.

श्रीपादच्या मनात एक फोटो होता. देवळापासून थोडं पुढे कड्यापासून सुटून एक काळा सुळका उभा होता. मध्ये एक खाच, आणि पलीकडे तीन-चार पुरुष उंचीची चढण. आश्विनात पहाटे सगळी दरी ढगांनी भरून जाते. सुळक्याच्या माथ्यावरून पाहिलं तर तो ढगांचा समुद्र थेट निमाडापर्यंत पसरलेला दिसेल, त्यात डोंगरांची टोकं बेटांसारखी, असं त्याला नेहमी वाटे. गणोजी असताना दोनदा ते वर गेले होते, पण ढग मिळाले नव्हते.

आश्विनातल्या एका रविवारी नालछ्याहून ते अंधारातच निघाले. टांगेवाला म्हणाला, "बाईसा, अणी आड़ी मती जाजो. भाटा गीला हे." दगड ओले आहेत, इकडे जाऊ नका. वासंतीनं मान हलवली आणि कासोटा घट्ट केला.

सुळक्यापाशी पोचले तेव्हा उजाडत होतं. दरी काठोकाठ भरलेली, पांढरी, शांत. श्रीपाद कमरेला दोर बांधून चढला. वासंतीनं अलीकडच्या खिरणीच्या झाडाला दोराचा वेढा दिला आणि जपून सोडत राहिली. वर पोचून त्यानं कमरेचा दोर सोडला आणि ते टोक हातात धरलं. खालच्या टोकाला तिनं कॅमेऱ्याची पेटी बांधली, त्यानं वर ओढून घेतली. तिला खालून फक्त काळं कापड दिसत होतं. मग त्याचा उदास आवाज आला, "ढग वर यायला लागला. एकच प्लेट झाली."

ढग खरंच वर येत होता. आधी खाच भरली, मग सुळक्याचं पोट, मग माथा. श्रीपादनं घाईघाईनं पेटी खाली सोडली. वासंतीनं ती सोडवून घेतली आणि तेवढ्यात वरून सर्रकन काहीतरी आलं आणि तिच्या पायाशी वेटोळं होऊन पडलं. दोर.

"हात ओला होता," वरून आवाज आला. "निसटला."

आता तो वर होता आणि दोर खाली. मध्ये नुसतं पांढरं. उतरताना पाय कुठं ठेवायचा हे दिसणार नव्हतं, आणि चुकला तर खाली दरी होती. "तिथंच बसा," वासंती म्हणाली. "ढग जाईल."

ती खिरणीखाली बसली. ढग जाईना. झाडाची पानं टिपकत होती. दूर देवळातली घंटा वाजली, जणू पाण्याखालून. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आहात ना?" आणि उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. "अहो!" त्या पांढऱ्या कोंडीत तिचा आवाज विरून गेला. "अहो! ऐकू येतंय का?" काहीच नाही. अहो म्हणून कोणाला हाक मारावी? झाडाला, ढगाला, कोणालाही अहो म्हणता येतं. ती उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "श्रीपाद!"

दरीनं ते नाव उचललं. एका कड्यानं म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग कुठंतरी फार खाली कोणीतरी हळूच.

"ओ," वरून आवाज आला. अगदी जवळून, चकित झालेला. "कोण?"

"मी. दुसरं कोण असणार? बोलत का नव्हता?"

"मला तुझी हाक ऐकू आलीच नाही. नाव ऐकलं, तर वाटलं, मी अजून लहानच आहे. थंडीनं डोळा लागला असेल."

सुळक्यावर डोळा लागला म्हणतात! वासंतीनं आणखी वाट पाहिली नाही. दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला. तो दोर तिला सावरणार नव्हता हे तिला ठाऊक होतं; तो फक्त वर पोचवायचा होता. ती खाच ओलांडून खडकाला भिडली. दिसत काहीच नव्हतं, म्हणून भीतीही धड दिसत नव्हती. हातांनी चाचपडावं, बोट शिरेल अशी चीर शोधावी, पाय तिथं न्यावा. टेकडीवरच्या दगडांची ओळख तिच्या तळव्यांना अजून होती. ती विचारी, "कुठं?" आणि तो म्हणे, "इकडे. थोडी डावीकडे. इकडे." शेवटी धुक्यातून एक हात आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

माथा दोघांपुरताच होता. त्यांनी दोर एका उभ्या खडकाला बांधला आणि दम घेत टेकून बसले. त्यानं आपलं उपरणं तिच्या खांद्यावर टाकलं.

तेवढ्यात ढग बसला. आला होता तसाच, आवाज न करता, खाली उतरला. आधी त्यांची डोकी उघडी झाली, मग खांदे, मग सगळा माथा. पाठीमागून सूर्य वर आला आणि समोर, पायांखाली, क्षितिजापर्यंत तो समुद्र पसरला. लाटांवर लाटा, पण स्तब्ध. त्याच्या वर निळ्या डोंगरांची दोन-चार टोकं. आणि त्या पांढऱ्यावर, दूर, सुळक्याची लांब सावली पडली होती. सावलीच्या टोकाला दोन माणसं बसलेली, आणि त्यांच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं.

श्रीपाद कुजबुजला, "माझ्या डोक्याभोवती आहे बघ ते."

"छे! माझ्या आहे. नीट बघा."

"अगं, मी हात हलवतो. हा हलतोय तो मी. कडं त्याच्याच भोवती आहे."

"आणि ही मान हलवतेय ती मी. कडं माझ्याच भोवती आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच खोटं बोलत नव्हतं. दोघे एकदम हसत सुटले आणि सावल्याही त्या ढगावर हसल्या. कॅमेरा खाली खिरणीच्या बुंध्याशी होता आणि त्या वेळी त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

दोराला धरून ते उतरले. देवळाशी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. अक्कानं सुनेचे खरचटलेले हात पाहिले, पदराला लागलेलं शेवाळ पाहिलं.

"मघाशी दरीत कोणीतरी आमच्या श्रीपादला हाक मारत होतं," ती म्हणाली. "बाईमाणसाचा आवाज होता."

वासंती जमिनीकडे बघू लागली.

"मी म्हटलं, असेल कोणी. देवाच्या दारात सगळेच एकमेकांना नावानं ओळखतात," आणि अक्कानं तिच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

घरी लाल काचेच्या कंदिलाखाली श्रीपादनं ती प्लेट धुतली. कोपऱ्यात खडकाची एक कड आणि बाकी सगळं कोरं. त्यानं ती काच बराच वेळ हातात धरली, पण त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "चढायला तू माझ्यापेक्षा बरी आहेस," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला दोर मी धरतो."

पुढच्या रविवारी ढग नव्हते, त्याच्या पुढच्या रविवारी अक्काचे गुडघे धरले होते. दिवाळी होऊन गेली. कार्तिकातल्या एका पहाटे दरी पुन्हा भरली.

वासंती चढली. आता प्रत्येक चीर तिच्या ओळखीची होती. वर पोचताच तिनं दोर खडकाला पक्का बांधला, मग पेटी ओढून घेतली, तिपाईचे पाय कपारीत रोवले आणि काळ्या कापडाखाली शिरली. अंधारात समुद्र उलटा तरंगत होता. डोंगरांची टोकं वरून खाली लोंबत होती. तिनं भाता पुढेमागे केला. सगळं धूसर झालं, आणि मग एकाएकी स्वच्छ. प्लेट बसवून ती बाहेर आली. भिंगाचं झाकण काढलं.

त्या फोटोत क्षितिज किंचित कललेलं आलं. तरी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तो पुढे बरीच वर्षं टांगलेला होता, आणि कोणी काढला असं विचारलं की श्रीपाद म्हणे, "घरच्यांनी." लोकांना वाटे, मास्तर थट्टा करतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहाटे ती झाकण हातात धरून उभी होती. एक श्वास सोडायचा आणि झाकण लावायचं, असं त्यानं शिकवलं होतं. समोर ढगाची एक लाट डोंगराच्या टोकावरून हळूहळू पलीकडे ओघळत होती.

"झालं का गं?" खालून श्रीपादनं विचारलं.

"थांबा," वासंती म्हणाली, आणि बघत राहिली.