नऊ हजार फुटांवरचे कार्बोरेटर

आचऱ्याच्या खाडीवर हिमालयातून पार्सल आलं तेव्हा भिकाजीमामा एका होडीचं इंजिन पोटाशी धरून बसले होते. पार्सलात लोकरीचा पायमोजा होता आणि पायमोज्यात दोन कार्बोरेटर. मोज्याला एकही भोक नव्हतं. कार्बोरेटरला होती, ती सगळी बुजलेली.

मामा मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. मी त्यांचा भाचा सिद्धेश, पर्यटकांना बनाना राइडवर बसवून समुद्रात पाडतो. त्यामुळे घरात तांत्रिक माणूस म्हणून मला कुणी विचारत नाही.

कार्बोरेटर मामांच्या मुलीने, आनंदीने पाठवले होते. ती हिमाचलात नर्स आहे. हिवाळ्यात वरच्या गावचा रस्ता बर्फाखाली जातो आणि ती लसींची पेटी पाठीला बांधून चालत चढते. मागच्या हिवाळ्यात तिच्या पुढ्यात अर्धा डोंगर खाली आला. ही बातमी तिने फोनवर ‘आज जरा उशीर झालो’ एवढीच दिली होती. खरं काय ते मागाहून कळलं, तेव्हापासून मामांना नीट झोप नाही. आता तिला कुणीतरी जुनी स्नोमोबाईल दिली होती. बर्फावर चालणारी स्कूटरच ती, पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, वयाने आनंदीपेक्षा मोठी. ती वरपर्यंत चढली तर आनंदीला चालायला नको. ती चढत नव्हती.

मामांनी कार्बोरेटर धुतले, फुंकले आणि आतले जेट, म्हणजे ज्यांच्या भोकातून पेट्रोल येतं त्या पितळी पुंगळ्या, एक माप मोठे बसवले.

“समुद्रात इंजिन उपाशी रवला तर माणूस परत येना नाय. खांव दे पोटभर.”

“मामा, थंय समुद्र नाय.”

“पण माझा चेडू आसा मा?”

मग मामांनी गावच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. जन्मात बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत बघितलेल्या शेजाऱ्यांनी “होय महाराजा” म्हटलं आणि पार्सल परत गेलं.

काही दिवसांनी आनंदीचा व्हिडिओ कॉल आला. गाडी झोकात सुरू झाली होती. पहिल्या वळणावर तिने काळा धूर सोडला, दुसऱ्यावर राम म्हटला. आनंदीने प्लग दाखवला. कोळसा, तोही ओला.

“बाबानू, हय हवा कमी आसा. नऊ हजार फूट.”

“हवा कमी? सरकारान काढून घेतली काय?”

आनंदी आत गेली आणि मामीने पाठवलेलं सुक्या जवळ्याचं सीलबंद पाकीट घेऊन आली. ते टम्म फुगलं होतं.

“ह्यात आचऱ्याची हवा आसा. हय तिका भायरसून दाबूक कोण नाय, म्हणान फुगली.”

माझ्याकडे एक विनोद तयार होता. मामांचा चेहरा बघून तो मी गिळला.

“खोलातलो तांबोसो मासो वर काढलो,” मामा हळू म्हणाले, “की त्याच्या पोटातली पिशवी फुगान तोंडातसून भायर येता. खाली पाणी दाबून धरता, वर कोण नाय.” त्यांनी मान वर केली, माडांच्याही वर. “म्हणजे आपण तळाक आसंव रे. हवेच्या तळाक.”

मीही वर बघितलं. रोजचंच आकाश, पण आता ते खोल होतं आणि सगळं माझ्या डोक्यावर होतं. एक घार वरून पोहत गेली. मी नकळत खांदे सावरले.

“आनंदी,” मामा म्हणाले, “हवा कमी तर पेट्रोल कमी. गाडयेच्या डब्यात जुने जेट आसत? माझ्यापेक्षा चार मापां बारीक घाल. पेट्रोल अडवणारी सुई एक खाच खाली सोड.”

जन्मभर इंजिनांना भरवणारा माणूस इंजिनाला पथ्यावर ठेवत होता. आनंदीने हातमोजे काढले, बोटं तोंडात धरून ऊब दिली आणि जेट बदलले. एक बर्फात पडला, तो तिने चहाच्या गाळणीने शोधला.

इंजिन सुरू झालं. मामांनी डोळे मिटून फोन कानाला लावला, त्यामुळे पुढचा व्हिडिओ आम्ही कुणीच बघितला नाही. दुसऱ्या वळणावर तिने थांबून पुन्हा प्लग काढला. या वेळी तो काळा नव्हता, भाजलेल्या काजूगराच्या रंगाचा होता, असं तिने सांगितलं.

“जा,” मामा म्हणाले.

मग बराच वेळ फोन आला नाही. मामांनी एकच नट चारदा घट्ट केला. मासे विकून परतलेली शेजारची कृष्णाबाईही टोपली बाजूला ठेवून बसली.

कॉल आला तो वरच्या गावातून. आनंदीच्या मागे पोरं भोकाड पसरून रडत होती, म्हणजे लस पोचली होती. तिने फोन फिरवला. पांढरं, आणि त्यापुढेही पांढरं, आणि त्याच्यावर शाईसारखं गडद आकाश.

“अगो बाय,” कृष्णाबाई पुटपुटली. “इतको बर्फ, आणि एकय मासो नाय?”

कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.

मामांनी फोन तोंडाशी धरला. “खाली येताना थांबत थांबत ये गो. पेट्रोल कमी सोडलंव, इंजिन तापतला. खाली येशीत तशी हवा वाढत जातली.”