रिकामी होते म्हणून

मी डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरची बॅग बोलतेय. सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे, अन्नाची शपथ. आता हेही खरं, की दुसऱ्यांची बिर्याणी पोटात घेऊन हिंडणारीनं अन्नाची शपथ घेऊ नये. शिवाय माझ्या हातून मसाला जरा जास्तच पडतो. मला हातही नाहीत, असो.

वारज्याच्या मच्छिंद्रनं मला पाठीवर घेतलं, तेव्हा त्याचे वडील दत्तोबा, मार्केट यार्डातले जुने हमाल, म्हणाले, "तुझा मालक कोण रं?"

"मालक नसतो आबा. मी पार्टनर हाय."

"मग नफ्यात वाटा किती?"

मच्छिंद्रनं हेल्मेट घातलं आणि निघाला.

कंपनीनं विमा दिला होता म्हणे. फोनमध्ये हसऱ्या डॉक्टरचं चित्र, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत नियम.

एका दुपारी पार्सल पोचवून परतताना गाडी खडीवरून घसरली. मच्छिंद्रच्या पायाचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्याच्या बायकोनं, मैनानं, कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली, बॅगेत ऑर्डर होती का? नव्हती. मग ते कामावर नव्हते, मॅडम. म्हणजे माझं पोट भरलेलं असेल, तरच याची हाडं विम्यातली. मला आग लावावीशी वाटली, स्वतःलाच.

पैशांवाचून ऑपरेशन अडलं. दत्तोबा खाटेशी बसून म्हणाले, "पाठीवर पोतं नसलं तरी मी हमालच व्हतो. दवाखान्याचा खर्च आम्ही हमालांनी भांडून घेतला. तुम्ही कुणाशी भांडणार, फोनशी?"

निवडणूक तोंडावर होती. असल्या नव्या कामगारांसाठी विम्याचं धोरण बदलायचं, म्हणून सरकारचे एक साहेब लोकांचं ऐकायला सभागृहात आले. मैनानं मला त्यांच्या टेबलावर उपडी केली.

"बघा साहेब, रिकामी हाय. हिच्यात काय घातलं म्हंजे माझ्या नवऱ्याचा पाय तुमच्या नियमात बसंल?"

साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, "बाई, चुकलं आमचं. ऑपरेशन उद्याच होईल."

धोरण लिहिणाऱ्यांनो, माझ्या पोटात काय डोकावता? मला वाहणाऱ्याकडे बघा.

आता खरं सांगते. साहेब बोलले, तेवढं मी बनवलं. मान खाली होती, पण ती मांडीवरच्या मोबाईलमुळे. पुढच्याचं नाव पुकारलं गेलं आणि मैनानं मला उचललं. ऑपरेशन लांबत गेलं, पाय वाकडा जुळला. ते काही मी बनवलेलं नाही. माझ्या हातात असतं, तर सरळ जुळवला असता.