सामाईक विहीर

म्हस विहिरीच्या पाण्याला तोंड लावंना झाली, तवा मी पहिलं नाव घेतलं पिराजीचं. माझा चुलतभाऊ. दुसरं कोण असणार? भावकीएवढा वैरी आमच्या कळंब्यात कुणाला हाय?

विहीर दोघांची सामाईक. एक दिवस माझी पाळी, एक दिवस त्याची. माझ्याच पाळीला पाणी वास मारतंय, असं मी चौकात बसून सांगितलं. त्याच्या पाळीला मी हुंगायला गेलतो व्हय? न्हाय. पण गरज काय? माणूस ठावा हाय की!

बायको, विमला, म्हणाली, "अवो, वरच्या अंगाला एवढी मोठी बिल्डिंग झालीया. त्यांचं सांडपाणी कुठं जातंय, बघा की जरा."

"तू गप गं. शिकलेली माणसं ती. ही करणी घरातलीच हाय."

तिकडं म्हशीचं दूध निम्म्यावर आलं. म्हस गेली तर आमची चूलच इझली म्हणायची. मग सकाळी मी विहिरीमागच्या शेवरीआड दबा धरून बसलो. थोड्या वेळानं पिराजी आला, इकडंतिकडं बघितलं आन् आत वाकला.

"घावलास!" मी गचांडी धरली.

"सोड! मी तुला धरायला आलतो," तो वराडला. "माझी बी रेडी पाणी पीना झालीया!"

दोघं एकमेकाकडं डोळं वटारून बघत राहिलो. तेवढ्यात खाली पाण्याचा आवाज झाला. वरच्या अंगाच्या कपारीतनं फेसाची धार पडत हुती. साबणाचा गोड वास, त्यात संडासाचा. बिल्डिंगमधल्या अंघोळी चालल्या हुत्या.

आयला! मला लाज बी वाटली आन् बरं बी वाटलं. म्हटलं, "चल पिराजी, जोडीनं जाऊया. दोघं मालक उभं राहिलो तर बिल्डरच्या बापाला गटार वळवाय लागंल."

पिराजी विहिरीकडंच्या थारोळ्याच्या दगडावर मटकन बसला.

"मी आता मालक न्हाय, वसंता. तुझ्या रोजच्या शिव्यांना इटलो. माझा हिस्सा सोमवारी इकला."

"कुणाला?"

त्यानं बिल्डिंगकडं बोट केलं.

"आरं, मला एकदा इचारायचं तरी!"

"आलतो की दारात," पिराजी म्हणाला. "तू कुत्रं सोडलंस."