मुंगी कुठे थांबली

घासायच्या चाकावर धरलेली काच तिनं उचलली, पुसली आणि फ्रेमला लावून पाहिली. केसभर जास्त होती. पुन्हा चाकावर टेकवणार, तोच एप्रनच्या खिशात फोन थरथरला.

‘मुंगी फिरायला निघाली!’

चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत दिवसभर काचा कापून बसवायच्या, हे तिचं काम. त्या कामात तिनं स्वतःसाठी एवढी एक फट ठेवली होती. रोज संध्याकाळी साडेचारला सासरे मुंगी या कुत्रीला घेऊन बाहेर पडत, आणि कुत्रीच्या पट्ट्यातली इवलीशी डबी फोनमधल्या ॲपला सगळं सांगत राही. कुठे वळली, कुठे थांबली, किती चालली. नकाशावर एक निळा ठिपका घरंगळत जाई. हातातलं काम न सोडता ती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत असे, आणि तेवढ्यानं तिला घरी डोकावून आल्यासारखं वाटे.

आज ठिपका गल्लीच्या तोंडाशी गेला नि थांबला. बऱ्याच वेळानं हलला. किल्लीवाल्याच्या दुकानापाशी पुन्हा थांबला. चढाच्या पायथ्याशी तिसऱ्यांदा. आणि तिथूनच मागे फिरला.

तीन महिन्यांपूर्वी हाच ठिपका तो चढ चढून, तळ्याला वळसा घालून पार पुलापर्यंत जायचा.

‘मुंगी आज जरा दमलेली दिसते. तिला एक थोपटणी द्या!’ ॲपनं लाडात येऊन सुचवलं.

तिनं फोन पालथा ठेवला. काच चाकावर टेकवली, पण हात जड पडला आणि कड टवकली.

*

तिचे सासरे, नाना, चौतीस वर्षं पोस्टमन होते. सायकल मिळत असूनही पायी फिरले. “चाकावरून गेलं की माणसं दिसत नाहीत, नुसती दारं दिसतात,” म्हणायचे. या शहरातला असा जिना नव्हता जो त्यांच्या पायाला ठाऊक नव्हता, आणि अशी कुत्री फार थोडी होती ज्यांनी त्यांच्या पोटरीकडे आशेनं पाहिलं नव्हतं. तीन वेळा कडाडून चावा. त्या खुणा ते पदकांसारख्या दाखवत.

सासूबाई गेल्या तेव्हा हा चालता माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि सासरे, मध्ये एक रिकामी खुर्ची. सहा महिने नानांच्या चपला दाराशी धूळ खात पडल्या. मग एके दिवशी त्याच चपलांवर येऊन एक पिवळसर पिल्लू झोपलं. नानांनी ते पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, “तुझ्या खानदानानं तीनदा चावलंय मला. आता चपला पण नेणार?”

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ते फिरायला निघाले. पिल्लू मुठीएवढं, म्हणून नाव मुंगी ठेवलं. पुढे मुंगी वासराएवढी झाली तरी नाव तेच राहिलं. नानांनी तिच्यासाठी गाणंही जुळवलं होतं :

मुंगीबाई, मुंगीबाई, 
तुला कसली एवढी घाई? 
पत्र नाही, पेटी नाही, 
वाट बघत कोणी नाही.

शेवटची ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा सून कढई घासत होती. तिनं नळ जोरात सोडला होता.

तेव्हापासून या घराचं घड्याळ म्हणजे मुंगी. ती उठली की नाना उठत, ती जेवली की नाना जेवत. म्हणूनच सुनेला भीती वाटत होती. उद्या मुंगीचं काही झालं तर नाना पुन्हा त्या खुर्चीत बसतील, आणि या खेपेला कोण उठवेल त्यांना?

“नाना, आजही चढावरून परत फिरलात?” त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

“मी कुठला फिरतो! हीच फिरते.” नानांनी पायाशी पसरलेल्या मुंगीकडे हनुवटी केली. “दम लागतो तिला. आठ वर्षांची झाली, आमच्या खात्यात असती तर केव्हाच निवृत्त झाली असती.”

मुंगीनं शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

“सगळ्यांना हेच सांगता तुम्ही. किल्लीवाले मला विचारत होते, म्हातारी कशी आहे म्हणून.”

“मग? खोटं सांगू?”

ॲपवर आसपासच्या प्राणीवाल्यांचा एक गट होता. तिनं तिथं विचारलं, तर अर्ध्या तासात चौदा उत्तरं आली. सांध्यांच्या गोळ्या, जाड गादी, माशाचं तेल, एका बाईंचं ‘माझाही असाच गेला’. ते शेवटचं वाचून तिनं लगेच जनावरांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. नाना खालच्या कट्ट्यावरच बसले. “तूच जा. मला औषधांचा वास सोसत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी मुंगीचे चारही पाय एकेक करून वाकवले, छातीला नळी लावली, हिरड्या दाबून पाहिल्या. मुंगी त्यांचा कान चाटत होती.

“काय तक्रार आहे म्हणालात?”

“चालवत नाही तिला. तीन-तीनदा थांबते.” तिनं फोनवरचा नकाशा पुढे केला.

“जिना कशी चढली?”

तिला आठवावं लागलं. “मला ओढत.”

डॉक्टरीणबाईंनी नळी गळ्यातून काढली. “सांधे मोकळे आहेत. हृदय तर ढोलासारखं वाजतंय. मला काही सापडत नाही, खरंच. एकदा तुम्ही स्वतः फिरवून बघा. फोनमध्ये ती कुठे थांबली एवढंच कळतं.”

*

सुट्टीच्या दिवशी तिनं दाराजवळची साखळी स्वतःच उचलली.

“आज मी नेते हिला.”

“तुला ओढेल ती.”

“बघू तरी.”

नानांनी वर्तमानपत्र उघडलं.

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानाची पायरी होती. मुंगी तिथवर झपझप आली आणि पायरीला लागून बसली. तोंड मिटलेलं. जीभ बाहेर नाही, धाप नाही. मान वळवून ती आल्या वाटेकडे बघत राहिली. बराच वेळ. मग कुणी येत नाही असं पाहून तिनं सुनेकडे पाहिलं, तेव्हा कुठे उठली.

किल्लीवाल्याच्या दुकानापाशी तेच. बाहेरच्या बाकाशी बैठक आणि नजर मागे.

“नाना नाहीत आज?” किल्लीवाल्यानं कानस थांबवली. “रोज इथंच बसते बघा. दमते म्हणे बिचारी.”

“कोण म्हणे?”

“नानाच की.”

चढाच्या पायथ्याशी विजेच्या डब्याचा सिमेंटचा चौथरा होता. मुंगी त्याच्याही शेजारी बसली, अगदी एका बाजूला सरकून. माणूस टेकेल एवढी जागा तिनं सोडली होती.

सून त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली. दिवसाला चाळीस काचा ती सुताइतक्या फरकानं पारखत होती; फोनवरच्या ठिपक्यात ही जागा मात्र तिला दिसली नव्हती. मग तिनं मुंगीच्या मानेखाली हात घातला आणि हळूच म्हणाली, “चल, वर जायचं?”

मुंगी तो चढ अशी चढली की साखळी हातातून सुटता सुटता राहिली. तळं झालं, पूल झाला. पुलावर ती उभी राहून वाऱ्याला नाक लावत होती आणि सुनेला मात्र कमरेवर हात ठेवून श्वास घ्यावा लागत होता.

घरी आली तेव्हा वर्तमानपत्राचं तेच पान उघडं होतं.

“दमली?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“थांबली असेल.”

“थांबली. तीन ठिकाणी.” तिनं साखळी खुंटीला अडकवली. “मागे वळून वाट बघत होती, नाना.”

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. चौतीस वर्षं पाकिटं हाताळलेली ती बोटं कडा जुळवत राहिली.

“छातीत असं आवळल्यासारखं होतं,” अखेर ते म्हणाले. “क्षणभर बसलं की जातं. पोस्टमननं रस्त्यात बसायचं म्हणजे... लोक काय म्हणतील? म्हणून हिचं नाव पुढे केलं.”

“तीन महिने?”

“तीन महिने.” त्यांनी मुंगीकडे पाहिलं. “ती काही बोलली नाही.”

ओरडावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या पायात चपला सरकवल्या, एक, मग दुसरी. रिक्षा बोलावली. नाना निमूटपणे निघाले.

हृदयाच्या डॉक्टरांनी तीन दिवसांत रक्तवाहिनीत जाळी घातली. “वेळेवर आणलंत,” ते तिला म्हणाले. “आणखी थोडे दिवस...” तिनं हात जोडले, पण हे हात खरे कुणापुढे जोडायचे ते तिला ठाऊक होतं. घरी येऊन तिनं मुंगीच्या दोन्ही कानांच्या मध्ये कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मुंगीला याचं काही विशेष वाटलं नाही. तिनं जांभई दिली.

*

दीड महिन्यानं डॉक्टरांनी चढ चढायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी सूनही बरोबर निघाली.

नानांची पावलं मोकळी पडत होती. शिंप्याची पायरी आली. मुंगी बसली. नाना दोन पावलं पुढे गेले होते, ते परत आले आणि टेकले.

“नाना, त्रास होतोय?”

“छे ग. बसली ना ती.”

किल्लीवाल्यापाशी पुन्हा तेच झालं. मुंगी बाकाला लागून बसली, एका बाजूला सरकून, आणि वर बघत राहिली. नाना बसले.

“चला की, नाना. तिला ओढा जरा, येईल,” ती हसून म्हणाली.

“तिला वाटतंय मला बसायचंय. एवढ्या विश्वासानं जागा ठेवते, तिला नाही कसं म्हणू?”

किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली आणि तो बाहेर डोकावला. “काय नाना, बऱ्याच दिवसांनी! तब्येत छान दिसते. म्हातारी मात्र अजून दमतेय वाटतं?”

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा श्वास संथ होता, तळ्याच्या पाण्यासारखा. कपाळावर घामाचा थेंबही नव्हता.

“ती कसली दमतेय!” नाना म्हणाले. त्यांचा हात मुंगीच्या पाठीवर होता. “दम मला लागतो हो. ती थांबते माझ्यासाठी.”

किल्लीवाला जरा गोंधळला. मग आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तहान नसताना सगळा प्यायले.