कॅमेऱ्याचा पत्ता

“एकशे सतरा, पॉइंट, एकोणसाठ, पॉइंट... थांब रे, चष्मा सरकला.”

“आई, लवकर. मला इथं काहीच दिसत नाहीये,” पुण्याहून अरिहंत फोनवर ओरडला.

“दिसेल. मी कुठं पळून चाललेय?” उगमबाईंनी कॉम्प्युटरवरचे उरलेले आकडे वाचून दाखवले आणि बटण दाबून फोन बंद केला. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालूच असायचा. मायलेकरांचं बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ.

मंचरच्या बाजारपेठेतलं हे कापडदुकान सुवालालशेठनी उभं केलं. शेठ गेले आणि उगमबाई त्यांच्या गादीवर बसल्या. भाऊबंदांनी नाकं मुरडली, बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. पण पोटचा पोरगाच आडवा आला! “तुला झेपत नाही, लोक लुबाडतात. दुकान बंद कर, पुण्याला ये,” हा त्याचा धोशा. शेवटी त्यानं इंटरनेटवर चालणारा कॅमेरा आणून छताला टांगला. “लगीनसराई सरेपर्यंत इथून बघतो. सांभाळलंस तर दुकान तुझं, नाहीतर कुलूप.” आईची परीक्षा घ्यायला निघाला पठ्ठ्या. बाई म्हणाल्या, “घे.”

कॅमेरा जोडायला स्टँडजवळचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला रिषी आला होता. तो काय खुडबूड करतोय ते बाईंनी त्याच्या मानगुटीवर बसून विचारून घेतलं होतं.

“काकू, कॅमेऱ्याला दुकानातल्या दुकानात आकड्यांचा एक पत्ता दिला. मोडेममधनं बाहेर जायला त्याला दार उघडून दिलं. पण मोडेमचा बाहेरचा पत्ता कायमचा नाय. मोडेम बंद पडून चालू झाला, की पत्ता बदलतो. नवा पत्ता दादांना कळवला तरच त्यांना दुकान दिसणार.”

“आणि नाही कळवला तर?”

“मग बसतील बोंबलत,” रिषी हसला.

भारनियमनाचे दिवस ते. लाइट रोज जायची, रोज पत्ता बदलायचा, आणि बाई रोज निमूट आकडे वाचून दाखवायच्या. आपल्याच पहारेकऱ्याला आपणच हाताला धरून आणायचं! पण शब्द दिला होता, म्हणून गप्प होत्या.

तुळशीची लग्नं झाली आणि लोणीच्या कुशाबाई नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आल्या. जीप भरून माणसं. साड्यांचे डोंगर पडले.

“शेठाणी, ह्यो शालू न्हाई चालायचा. नवरीला नेसवायचाय, का बैलावर झूल टाकायचीय?”

“अहो कुशाबाई, तुमच्या लेकीला असलाच नेला होता की!”

“म्हणून तर म्हंती!” सगळे खो खो हसले. दुपार कलली तेव्हा कुठं बस्ता बांधून झाला.

कुशाबाई पिशवी सावरत उठल्या. उगमबाई गादीवरून उठून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. हा सुवालालशेठनी पाडलेला रिवाज. बस्ता झाला, की घरातल्या थोरल्या बाईनं दाराजवळच्या थप्पीतून देवीसाठी एक खण उचलायचा. मागायचा नाही, विचारायचं नाही. मागून आणलेला खण देवीला चालत नाही, अन् शेठच्या देखत उचलायला बाईमाणसाला अवघड वाटतं. म्हणून दुकानदारानं पाठ फिरवायची.

कुशाबाईंनी हिरवा खण उचलला, कपाळाला लावला, पिशवीत घातला. तेवढ्यात फोन वाजला आणि उगमबाईंनी उचलला.

“आई! पाठ काय फिरवून उभी राहिलीस? त्या म्हातारीनं खण चोरला! पिशवीत आहे, मी बघितलं. सोडू नकोस तिला!”

स्पीकरवरचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. कुशाबाईंनी पिशवी उघडली. त्यांनी खण काढून गादीवर ठेवला.

“शेठाणी, माझ्या दोनी लेकींचा बस्ता ह्याच दुकानात झाला. शेठ व्हते तवा. तवा कुणी चोर म्हणलं न्हाई आमाला.”

बस्ता तिथंच टाकून सगळी माणसं खाली उतरली. नवरी पोर पदरात तोंड घालून रडत होती. उगमबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“अरे, देवीचा खण होता तो!” त्या फोनमध्ये ओरडल्या.

“कसली देवी? असंच लुबाडतात तुला. बस झालं. रविवारी येतो आणि कुलूप लावतो.”

चौथीनंतर त्याला बोर्डिंगात आपणच घातलं, रिवाज त्याला कळणार कुठून, असं बाईंच्या मनात आलं. पण गादीवरचा तो खण दिसला आणि डोक्यात तिडीक गेली. त्या तरातरा गेल्या आणि फळीवरच्या मोडेमचं बटण बंद केलं. थोडं थांबून परत चालू केलं.

फोन आलाच. “आई, गेलं चित्र. नवा नंबर सांग.”

“नाही सांगणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही! लाइट गेली नाही, मोडेम मी बंद केला. कुलूप लावायचं तर खुशाल ये, दारात मी बसलेली असेन. माझ्या गिऱ्हाइकाला चोर म्हणतोस? ज्याला दुकान बघायचंय त्यानं दुकानात यावं!”

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं लोणीला गेल्या. कुशाबाई ओट्यावर बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

“खण द्यायला नाही आले,” उगमबाई म्हणाल्या. “तो तुम्हीच उचलायचा. दुकान उघडं आहे, एवढंच सांगायला आले.” पाणीसुद्धा न पिता त्या परत फिरल्या.

रविवारी अरिहंत आला. हातात नवंकोरं कुलूप. उगमबाई गादीवरून हलल्या नाहीत. तो काही बोलणार, तोच पायरीवर कुशाबाई दिसल्या. त्या आत आल्या आणि कुणाशी न बोलता थप्पीजवळ उभ्या राहिल्या.

उगमबाई उठल्या. भिंतीकडं वळल्या.

“अरिहंत, पाठ फिरव.”

“आई, पण...”

“तुझे वडील फिरवायचे. फिरव.”

तो कुलूप हातात घेऊनच आईशेजारी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वर कॅमेऱ्याचा तांबडा दिवा जळत होता, पण त्याचा पत्ता उगमबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. मागं थप्पीतून खण ओढल्याचा आवाज आला.

“वळू का?” अरिहंतनं हळूच विचारलं.

“अजून नाही,” उगमबाई म्हणाल्या.