पडद्यावरची धाकटी

धाकटी सून बरी झाली होती, पण घरी यायला तयार नव्हती. सासूबाई धुतलेली साडी घेऊन तिला न्यायला मनोरुग्णांच्या दवाखान्यात आल्या, तर ही पलंगाच्या कडेला बसून म्हणते, "अहो आई, मला नका नेऊ. आजारपणात काय काय बोलले असेन तुम्हाला! कुठल्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने ये. दुसरं कुठून आणणार?"

धाकटी हसली नाही. तिला त्या दिवसांतलं धड काही आठवत नव्हतं, आणि न आठवणाऱ्या जागी तिने स्वतःची एक राक्षसीण करून बसवली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरती केलं तेव्हाचं चित्रण आहे आपल्याकडे. तुमची इच्छा असेल तरच बघू. नको वाटलं की बंद."

सासूबाईंना वाटलं, सावरलेल्या पोरीला पुन्हा कशाला खचवायचं? पण धाकटी म्हणाली, "लावा."

पडद्यावर ती केस पिंजारून भिंतीला चिकटली होती. "ही बाई मला विष घालते!" म्हणून तिने सासूबाईंच्या दिशेने पेला भिरकावला. इकडे धाकटीने पदरात तोंड लपवलं. सासूबाईंची नजर मात्र स्वतःवरच खिळली. सांडलेलं पाणी पुसता पुसता पडद्यावरच्या सासूबाई पेल्याला, फरशीला, अख्ख्या दवाखान्याला बोल लावत होत्या.

"अगं बाई! माझा पट्टा इतका चालतो?"

मग पडद्यावर सिस्टर सुई घेऊन आली. तशी ती पिंजारलेली पोर धावत येऊन सासूबाईंच्याच पाठीमागे लपली. "अगं आई, जाऊ नकोस ना गं! मला धरून ठेव!"

धाकटीने पदर खाली घेतला. "परत लावा." पुन्हा बघून ती हळूच म्हणाली, "ही कुठे राक्षसीण आहे? ही तर घाबरलीये बिचारी." आणि एकदम जीभ चावली. "अहो आई, मी तुम्हाला अगं-तुगं केलं?"

"केलंस की. माहेरच्या आईला करावं तसं." सासूबाई खाकरल्या. "घरी कुणाला बोलले नाही. थोरलीला कळलं तर तीही सुरू करेल."

आता मात्र धाकटी खुदकन हसली, आणि उठून कपडे आवरू लागली.

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. "फार उपकार झाले, बाई," म्हणाल्या. एरवी हे शब्द त्यांच्या तोंडून निघणं कठीणच.

दारात धाकटी घुटमळली. "चल ना गं, आई," तिने भीत भीत म्हणून बघितलं.

"लगेच सोकावू नकोस," म्हणत सासूबाईंनी तिच्या पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला.