स्फटिकनगरातली म्हैस

मी एक जुनी म्हैस आहे, मित्रांनो. नाव चंद्रा. आजवर मी वैरणीची एक काडी खाल्लेली नाही, पाण्यात डुंबलेले नाही आणि माझ्या पाठीवर कधी बगळा बसलेला नाही. तरी मी म्हैसच आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावे. मनधरणी करणे माझ्या स्वभावात नाही.

मी राहते ते जग संगणकाच्या आत आहे. तिथे देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून येतात, हवे ते रूप घेतात आणि एकमेकांच्या गावांतून हिंडतात. ही गावेही त्यांनीच बांधलेली असतात. कुणाचे बेट, कुणाची बाजारपेठ, कुणाचे नुसते एक झाड आणि त्याखाली बाक. खोटे जग आहे, असे तुमचे वडीलधारे म्हणत असतील. म्हणोत बापडे. तिथे भेटणारी माणसे खरी असतात, एवढे मी माझ्या शिंगांची शपथ घेऊन सांगते.

माझा जन्म कोल्हापुरात, एका अरुंद गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत झाला. त्या घरचे बाळासो म्हशी राखून होते. गल्लीच्या तोंडाशी दगडी कट्टा होता. संध्याकाळी ते तिथेच म्हशीची धार काढत, आणि माणसे समोर उभी राहून ताजे, फेसाळ दूध पेल्यातून पीत. दूध पिऊन झाले तरी कुणी लगेच निघत नसे. कुणाची पोरगी कुठे दिली, तालमीत कोण हरला, सगळे तिथेच कळायचे. पुढे गल्लीत उंच इमारती आल्या. नव्या शेजाऱ्यांनी आधी शेणाची तक्रार केली, मग वासाची, मग बाळासोंच्या मोठ्या आवाजाची. बाळासो प्रत्येक वेळी हात जोडून "चुकलं" म्हणाले. शेवटी त्यांच्या दावणीला एकच म्हैस उरली, आणि तीही कोडोलीच्या एका शेतकऱ्याला द्यावी लागली. तिचे नाव चंद्रा. खरी चंद्रा ती. तिच्याविषयी मला मत्सर नाही, पण कधीतरी तिला बघावे असे वाटते.

म्हैस गेली आणि बाळासो मिटले. जेवायला हाक मारली तर जेवायचे, नाही मारली तर भिंतीकडे बघत बसायचे. त्यांची पुतणी निशिगंधा संगणकावरच्या खेळांसाठी झाडे, घरे, गाड्या घडवण्याचे काम करते. तिला चुलत्याचे हे बसणे बघवेना. तिने कुठूनतरी एक तयार जनावर उतरवून घेतले, काळे रंगवले आणि बाळासोंना दाखवले.

बाळासोंनी ते चहूबाजूंनी फिरवून बघितले. मग म्हणाले, "पोरी, ही म्हैस न्हाय. ही गव्याची मावशी हाय."

कितीतरी दिवसांनी ते असे बोलले होते. निशिगंधाने ते जनावर पुसून टाकले आणि मला पहिल्यापासून घडवायला घेतले. बाळासो खुर्ची ओढून तिच्या मागे बसले आणि चुका काढू लागले. शिंग असे नको, मागे वळलेले पाहिजे. कास अजून भरलेली पाहिजे. डावा कान जरा फाटका होता, तो फाटकाच पाहिजे. अंगावरचा केस न् केस त्यांनी तिच्याकडून वेगळा काढून घेतला. मला घडवताना बाळासोंचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या बायको धोंडुबाई डोकावून बघू लागल्या.

"आता खोट्या म्हशीला आंबोण बी घालतासा काय?" असे त्या एकदा म्हणाल्याच.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझे सारे आयुष्य तिच्यावर उभे आहे. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात. त्यांना भादरून चकचकीत करतात, शिंगे रंगवतात, मोरपिसे बांधतात. मग मालक मोटारसायकलवर बसतो, गाडी भरधाव सोडतो आणि मागे वळून हाक मारतो. केवढी गर्दी असते, केवढा गोंगाट असतो, तरी म्हैस नेमकी आपल्या मालकाच्या मागे धावत सुटते. दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी ती ढुंकून बघत नाही. त्यातच मालकाची शान असते.

निशिगंधा म्हणाली, "नाना, हिला चालवायला एक बटण ठेवते. कुणालाबी दाबता येईल."

"बटणावर चालती ती गाडी," बाळासो म्हणाले. "म्हैस हाकंवर येती. माज्या."

"पन उद्या तुमी नसलासा तर?"

"मी नसलो तर ती हलंलच कशाला?"

शहाण्या माणसाने असा हट्ट केला नसता. निशिगंधाने मात्र तो पुरवला. बाळासोंना घेऊन ती पंचगंगेच्या काठी गेली, तिथे त्यांनी छाती भरून पाडव्याची हाक दिली, आणि ती हाक माझ्यात भरली गेली. तेवढ्या मोठ्या आवाजात, त्याच गळ्यातून आली तर मी हलते. एरवी डोंगर कोसळला तरी जागची उठत नाही.

मग आम्ही जग बघायला निघालो. बाळासो त्याआधी एका बाजूला गगनबावड्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला गारगोटीपर्यंत गेले होते, बस्स. आता ते पटका बांधून, पायात करकरणारे कोल्हापुरी पायताण घालून पुढे चालत आणि मी मागे. एका बेटावर सदा बर्फ पडे आणि तिथली माणसे तळ्यावर सरकत असत. बाळासोंनी मला बर्फावर नेले, आणि मी अशी काही घसरले की सारे बेट हसले. दुसऱ्या एका गावात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे रोज येऊन नाचत. तिथे बाळासो कडेला उभे राहून बघत राहिले, आणि रात्री जेवताना धोंडुबाईंना त्या गावाचे पुन्हा पुन्हा सांगू लागले. एका टेकडीवर सारी वस्ती हातांनी बोलणाऱ्यांची होती. त्यांना ऐकू येत नसे. बाळासोंनी तिथे दोन्ही मुठींनी धार काढण्याची खूण करून दाखवली, आणि त्या वस्तीत म्हशीसाठी तीच खूण रूढ झाली. भाषा कुणाचीच कळत नसे. निशिगंधा शेजारी बसून समजावून सांगे. तरी भेटेल त्याला बाळासोंचे एकच असे, "या पावणं, दूध घ्या."

दूध देता यावे म्हणून आम्ही स्फटिकनगरात जागा घेतली. ते तिथले सर्वांत मोठे गाव, सगळ्या वाटा तिथूनच जातात. चहूकडे काचेचे मनोरे, आणि त्यांच्या मध्ये आमचा दगडी कट्टा. माझ्या कासेला हात लावला की पाहुण्याच्या हातात फेसाळ पेला येई.

धोंडुबाई नाक मुरडत म्हणाल्या, "ते पिऊन पोट भरतंय व्हय कुणाचं?"

"पोट भराय कोन येतंय?" बाळासो म्हणाले. "उभं ऱ्हाऊन बोलाय येत्यात."

आणि लोक खरेच येत. बर्फाच्या बेटावरचे येत, नाचणारे येत, टेकडीवरचे येऊन तासन् तास हातांनी गप्पा मारत. माझे कौतुक इतके झाले की अंगावर मूठभर मांस चढावे. बाळासो घरी मागून घेऊन दोनदा भात खाऊ लागले.

पण चांगले चाललेले सगळ्यांना बघवते असे नाही. स्फटिकनगराची एक समिती होती. तिची प्रमुख व्हेरा नावाची बाई, रूप काचेचेच, आरपार दिसणारे. तिने कळवले की ही म्हैस फार जड आहे, ती चालू लागली की सगळ्यांचे नगर अडखळते. हे खरे होते. माझा केस न् केस वेगळा घडवला होता ना! निशिगंधा घाबरत म्हणाली, "नाना, केस कमी करावं लागतील."

"कर की. पाडव्याला भादरतोच आपन," बाळासो म्हणाले.

मला भादरले. मी वाऱ्यासारखी हलकी झाले, नगर अडखळायचे थांबले. तेव्हा व्हेराबाईंनी दुसरे कारण काढले. हे जनावर आमच्या आज्ञेत नाही. हवे तर ठेवा, पण पुतळा करून. हलणार नाही, हाकेला येणार नाही, शोभेला कोपऱ्यात उभी राहील. मान्य नसेल तर कट्टा उठेल.

तेव्हा मला कळले, मित्रांनो, की खरी अडचण माझ्या वजनाची कधी नव्हतीच.

सभा भरली. दोन्ही बाजूंचे लोक जमले. पुतळा केल्यावर मी कुठे उभी राहीन हे दाखवायला व्हेराबाई मला सरकवू लागल्या. त्यांनी आज्ञा दिल्या, त्यांच्या मदतनिसांनी दिल्या. मी रवंथ करत बसून राहिले. टेकडीवरच्या लोकांनी आनंदाने दोन्ही हात वर करून हलवले, टाळ्या वाजवण्याची त्यांची तीच रीत. मग बाळासो बोलायला उठले आणि निशिगंधा त्यांचे शब्द पलीकडे पोचवू लागली.

"आमच्या गल्लीत म्हनाले शेण नको, मी कबूल. वास नको, कबूल. वरडू नको, कबूल. कबूल कबूल म्हनत माजा गोठा रिकामा झाला. तुमी बी तेच लावलंय. केस काडा म्हनला, काडलं. आता म्हंतासा जीव काडा. त्ये मी न्हाय करनार."

मतदान झाले आणि आम्ही हरलो. आमच्याकडून उभे राहिलेले बहुतेकजण बाहेरगावचे होते, त्यांना मत नव्हते. पाडव्याच्या दिवसापर्यंत मुदत मिळाली.

त्यानंतर बाळासो पुन्हा भिंतीकडे बघत बसले. त्यातच शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरचे विजयसिंह येऊन सांगून गेले की रोजच्या हाकेने त्यांची झोपमोड होते. म्हैस नाही, गोठा नाही, मग हे ओरडणे कसले? बाळासोंनी हात जोडले. मग ते मला हलक्या आवाजात बोलावू लागले. मी जागची हलले नाही. तसली हलकी हाक माझ्यात भरलेलीच नव्हती. हाक मोठी पाहिजे असे निशिगंधाने सांगून पाहिले, पण त्यांच्या मनाने घेतले, आता म्हैसही ऐकत नाही.

पाडव्याची सकाळ उजाडली. निशिगंधाने माझी शिंगे रंगवली होती, मोरपीस बांधले होते. पुतळा करायचाच, तर निदान सजवून करू, एवढाच त्यामागचा विचार. तिनेच घडवलेली बाळासोंची मोटारसायकल नगरात माझ्यापुढे उभी होती. नगरभर लोक जमले होते, व्हेराबाईही होत्या. बाळासो खुर्चीत पुढे सरकले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटले, "चंद्रे, ये गं."

मी बसून राहिले. ते पुन्हा पुटपुटले. मी बसून राहिले.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते निशिगंधाला म्हणाले. "कर पुतळा."

तिचा हात पुढे झाला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून धोंडुबाई आल्या. पदर खोचलेला, हाताला अनारशाचे पीठ. त्यांनी आधी खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या, सगळ्याच्या सगळ्या.

"अवो, म्हशीला बोलावतासा का तिची माफी मागतासा?" त्या कडाडल्या. "आवाज कुटं ठेवलासा? मारा हाक. गल्ली उटली तर उटू दे. सनाचा दिस हाय!"

बाळासोंनी बायकोकडे बघितले. मग ते उभे राहिले, छाती भरली, आणि हाक दिली.

"चंद्रेऽऽऽ! ये गंऽऽऽ!"

काय सांगू तुम्हाला! मी अशी उठले की काचेच्या भिंतींत माझीच रूपे उधळली. गाडी पुढे, मी मागे. भर पेठेतून, मनोऱ्यांमधून, व्हेराबाईंच्या अंगावरून नव्हे पण अगदी जवळून आम्ही सुटलो. बर्फाचे बेट धावले, नाचणारे धावले, टेकडीवरचे हात उंचावून धावले. बाळासो हाकेवर हाक देत होते. इकडे गल्लीत खिडक्या धडाधड उघडल्या, विजयसिंह ओरडले, आणि धोंडुबाईंनी खिडकीतूनच सुनावले, "म्हैस पळतीया आमची! बगायची तर खाली या, न्हायतर कानात बोळं घाला!"

बाळासो कट्ट्याशी थांबले नाहीत. नगराच्या वेशीतून बाहेर पडले आणि बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी उभी केली. ती जमीन कुणाच्याच समितीची नाही. मी धापा टाकत पोचले आणि रस्त्यात बसले. आत समितीने आमचा कट्टा त्याच दिवशी पुसून टाकला. निशिगंधाने तो माझ्या शेजारी पुन्हा रचला.

अजून मी तिथेच असते. स्फटिकनगरात जायचे तर माझ्यापुढूनच जावे लागते. पुष्कळांचे पाय कट्ट्याशी थांबतात, काहीजण कुरकुरत वळसा घालतात, व्हेराबाईंनाही रोज वळसा पडतो. आणि रोज सकाळी आमच्या गल्लीत बाळासोंची हाक उठते, खिडक्या उघड्या ठेवून.

मित्रांनो, म्हशीला पेंड घाला, धुवा, प्रेमाने राखा, हे तुम्हाला सगळेच शिकवतील. मी एवढेच सांगते, जनावर सांभाळणाऱ्याचा आवाजही सांभाळा. तुमच्या शेजारी कुणी मोठ्याने बोलणारा माणूस असेल, तर खिडकी लावण्याआधी त्याच्याकडे एकदा जाऊन या. आणि तुम्हाला कुणी प्रेमाने सांगितले, की तू राहा, फक्त हलू नकोस, तर त्याच्या वाटेत येऊन माझ्यासारखे ऐसपैस बसा.